रामलिंगाच्या दरींतील पांढरी मुसळी

धाराशिव जिल्ह्याचें नांव काढलें म्हणजे परमुलुखच्या वाचकांच्या डोळ्यांपुढें तुळजापूरची भवानी, नळदुर्गाचा पाणीमहाल आणि ओसाड माळ या तीन गोष्टी उभ्या राहतात. पहिल्या दोहोंविषयीं आमची तक्रार नाहीं. तिसरीविषयीं मात्र चार शब्द सांगणें प्राप्त आहे. पावसाचें मान सरासरी तीस इंचांच्या आसपास, तोहि आपल्या लहरीनें पडणारा. नद्या उन्हाळ्यांत आटणाऱ्या. जमीन काळी व भेगाळणारी. हें सर्व खरें. परंतु बालाघाटची डोंगररांग या जिल्ह्यांतून गेली आहे, आणि तिच्या घळींत अशीं कांहीं स्थळें आहेत कीं, तेथें आषाढांत उभें राहिलें असतां आपण मराठवाड्यांत आहों याचा घटकाभर विसर पडतो. येडशीचें रामलिंग हें त्यांतील मुख्य होय.

येडशी हें गांव धाराशिवच्या उत्तरेस सुमारें वीस किलोमीटरांवर आहे. आमच्या वडिलांच्या वेळीं बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांवरची गाडी कुर्डुवाडीहून बार्शीवरून येडशीस येई व पुढें लातुरास जाई. १८९७ सालीं ती बार्शीपर्यंत सुरू झाली आणि १९११ सालीं लातुरास पोंचली. पण धाराशिव जिल्ह्याचें ठाणें असूनहि त्याला तिनें कधीं स्पर्श केला नाहीं. गाडी गांठावयाची तर आधीं येडशी गांठावी लागे, आणि आमच्या घरचीं दोन वऱ्हाडें तरी येडशीच्या फलाटावर रात्र काढून पुढें गेलेलीं आहेत. आतां रूळ रुंद झाले, मार्ग बदलला व गाडी धाराशिवासहि थांबूं लागली. आम्ही मात्र रामलिंगास जातांना अजून एस. टी.नेंच जातों. सवय, दुसरें काय!

गांव मागें टाकून डोंगराकडे वळल्यावर प्रथम कांहींच दिसत नाहीं. माळ, खुरटीं झुडपें, आणि एकाएकीं जमीन दुभंगून खालीं दरी लागते. पायऱ्या उतरूं लागलें कीं आधीं वारा थांबतो, मग उन्हाचा ताप उतरतो आणि मग पाण्याचा आवाज येतो. तळाशीं रामलिंगाचें जुनें देऊळ असून पावसाळ्यांत ओढा त्यास जवळजवळ वळसा घालून वाहतो. सीताहरणाच्या वेळीं जटायूनें रावणास येथें अडविलें, घायाळ जटायूस पाणी पाजण्याकरितां श्रीरामांनीं बाण मारून येथें झरा काढिला, आणि त्याची समाधीहि येथेंच आहे, असें स्थलपुराण सांगतें. जटायूच्या अंतकाळाचा मान मिरविणारीं स्थळें आणखीहि आहेत. नाशिककडील टाकेद तर प्रसिद्धच आहे. त्यांतील खरें कोणतें या वादांत आम्ही पडत नाहीं. दंडकारण्य मोठें होतें, आणि तो बिचारा पक्षी लढत लढत बराच दूर गेला असावा. येथील माकडें मात्र रामायणकालीन शिस्त पार विसरलेलीं आहेत; हातांतील प्रसादाची पुडी सांभाळावी.

१९९७ सालीं या दरीसह सुमारें बावीस चौरस किलोमीटर वनास अभयारण्याचा दर्जा मिळाला. तत्पूर्वींच, १९७९ सालीं, डॉ. व्ही. एन. नाईक यांनीं या जिल्ह्यांतील वनस्पतींची नोंद करणारा 'फ्लोरा ऑफ उस्मानाबाद' हा ग्रंथ प्रसिद्ध केलेला होता. (जिल्ह्याचें नांव २०२३ सालीं पुन्हा धाराशिव झालें, ग्रंथाचें नांव अर्थातच तेंच राहिलें.) ज्या जिल्ह्यास लोक ओसाड म्हणतात त्याच्या केवळ वनस्पतींवर एक स्वतंत्र ग्रंथ व्हावा, ही गोष्ट आम्हांस फार समाधानाची वाटते.

सहा वर्षांपूर्वीं आषाढांतील एका सोमवारीं आम्ही घरचीं सात माणसें दर्शनास गेलों होतों. बरोबर आमच्या थोरल्या वहिनी होत्या. वहिनींचें माहेर मुरबाडकडचें, माळशेज घाटाच्या पायथ्याचें. लग्न होऊन त्या धाराशिवास आल्या त्यास पन्नासांहून अधिक वर्षें होऊन गेलीं. पायऱ्या उतरतांना त्या मध्येंच थांबल्या. आम्हांस वाटलें, दम लागला. पण त्या काठीच्या टोकानें धावड्याच्या बुंध्याशीं दगडांमधील ओल्या मातीकडे दाखवीत होत्या. कांद्याच्या पातीसारखीं, पण चपटीं व मधोमध पन्हळ पडलेलीं हिरवीं पानें भूमीलगत पसरलीं होतीं, आणि त्यांमधून वीतभर दांडा निघून त्यावर सहा पाकळ्यांचीं पांढरीं शुभ्र फुलें लागलेलीं होतीं. खालचीं उमललेलीं, वरचीं कळ्याच.

“भाऊजी, ही तर आमची फोडशी!” वहिनी म्हणाल्या. “आई पहिल्या पावसांत हिची भाजी करायची. इथें ही असेल असं कधीं मनांतसुद्धां आलं नाहीं.”

परत येतांना एस. टी.त त्या फारशा बोलल्या नाहींत. दुसऱ्या दिवशीं मात्र जेवतांना फोडशीचा विषय तीन वेळां निघाला. वयोमानानें त्यांची अन्नावरची वासना त्या सालीं फार उतरली होती. पानांत वाढलेलें तसेंच राहत असे, व त्यामुळें घरांत सर्वांस काळजी होती. तेव्हां आम्हीं मनांत ठरविलें कीं, ही भाजी यांस खावयास घालावयाचीच.

यानंतर आम्हीं जें केलें तें शिक्षकाच्या पेशास शोभणारें नव्हतें. पुढल्या आठवड्यांत नातवास बरोबर घेऊन आम्ही पुन्हा दरींत गेलों. पिशवींत खुरपें होतें. पांच रोपें मुळांसकट काढून फडक्यांत बांधलीं, तोंच वरून एक वनरक्षक उतरून आले. तरुण गृहस्थ, पण बोलणें सौम्य. “गुरुजी, हें अभयारण्य आहे. इथलं पानही परवान्याशिवाय काढतां येत नाहीं,” एवढेंच ते म्हणाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत वन्यजीव म्हणजे केवळ वाघ-हरणें नव्हत, वनस्पतिहि त्यांत येतात, हें आम्हांस माहीत नव्हतें असें नाहीं. नागरिकशास्त्राच्या तासास आम्हीं स्वतः तें शिकविलें होतें! नातवासमक्ष आम्हीं तीं पांचहि रोपें होतीं त्या जागीं लाविलीं. वनरक्षकांनीं दंड केला नाहीं. ओंजळीनें ओढ्याचें पाणी आणून रोपांवर घातलें. परतीच्या वाटेवर नातू गप्प होता. त्यानें घरीं कोणास सांगितलें नाहीं, म्हणून आम्हींच सांगितलें.

त्या फजितींतून एक ज्ञान मात्र पदरांत पडलें. रोपें पुन्हा लावितांना मुळें नीट पाहावयास मिळालीं. खालीं कांद्यासारखा गड्डा नव्हता. बारीक दोऱ्यांसारखीं मुळें होतीं, आणि त्या दोऱ्यांच्या शेवटीं शेंगदाण्याएवढे कंद लोंबत होते. ही क्लोरोफायटम ट्यूबरोसम जातीची खूण होय. बाजारांत जी पांढरी मुसळी म्हणून विकली जाते ती हिची भगिनी. तिचे कंद दोऱ्यांना लोंबत नसून बोटांच्या जुडग्याप्रमाणें थेट बुडख्यापासून फुटलेले असतात. तिचें शास्त्रीय नांव क्लोरोफायटम बोरिविलियानम. मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयांतील फादर सांतापाव यांनीं फर्नांडिस यांजसह १९५५ सालीं तिचें वर्णन प्रसिद्ध केलें आणि बोरिवलीवरून हें नांव दिलें. लोक मात्र दोहोंचीहि पानें फोडशी म्हणूनच खातात. मावळांत हिलाच कुलू म्हणतात.

संस्कृताच्या अभ्यासकांनीं येथें एक सावधगिरी ठेवावी. भावप्रकाशांत जी मुसली सांगितली आहे तिचा पर्याय तालमूली असा असून ती काळी मुसळी होय. तिचें फूल पिवळें व अगदीं जमिनीलगत असतें. तीहि डोंगरांतच होते, पण कुळ निराळें. आणि अमरकोशांत तर मुसली या शब्दाचा एक अर्थ घरांतील पाल असाहि दिला आहे. तो वर्गांत सांगितला कीं मुलें दहा मिनिटें हसत असत. असो.

रोपांची सोय अखेर अनपेक्षित ठिकाणीं झाली. २००० सालाच्या आगेंमागें महाराष्ट्रांत पांढऱ्या मुसळीच्या लागवडीचें मोठें वारें वाहत होतें. कंद सोलून वाळविला कीं बलवर्धक औषध म्हणून त्यास मोल येतें, असें ऐकून पुष्कळ शेतकऱ्यांनीं महागडें बेणें घेतलें. पीक परत विकत घेण्याची लेखी हमी देणारे पुष्कळ निघाले. कळंब तालुक्यांतील आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें अर्धा एकर लावली होती. पीक उत्तम आलें. पण काढणीच्या वेळीं हमी देणारांच्या पत्त्यावर कुलूप होतें. बायकोच्या पाटल्या मोडून घेतलेलें बेणें. ओला माल वाळल्यावर घटून मूठभर उरला, आणि तोहि कोणी विचारीना. त्यानें शेत नांगरून तूर पेरली. मात्र बांधावरील आंब्याखालीं बेण्याचा एक वाफा राहिला होता, तो कोणी खणला नाहीं. आणि आश्चर्य असें कीं, खत नाहीं, पाणी नाहीं, तरी तो दर मृगांत आपण होऊन फुटत राहिला. आम्ही गेलों तेव्हां त्यानें टिकाव हातीं दिला आणि म्हणाला, “सर, लागेल तेवढी न्या. मला तिचं तोंड बघवत नाहीं.”

पिशवीभर बोटें घेऊन आलों, आणि पहिल्या वर्षीं तीं बहुतेक वायां घालविलीं. चूक अशी. कंद मोठे व रसरशीत, म्हणून जास्त रोपें व्हावींत या लोभानें आम्हीं एकेक बोट सुटें करून लाविलें. वीस बोटांतून तीन फुटलीं. कारण मागाहून कळलें: डोळा कंदास नसतो, तो वरच्या बुडख्यांत असतो. प्रत्येक बोटाबरोबर बुडख्याचा तुकडा राहील असें चाकूनें कापावें, नाहींतर तें बोट मातींत नुसतें निजून राहतें व शेवटीं कुजतें. दुसरी चूक जागेची. ओल कायम राहते म्हणून मोरीच्या पाण्यावर, अळवाच्या शेजारीं, वाफा केला. अळवास साबणाचें पाणी मानवतें. ही रानांतील मुलगी, तिला तें सोसलें नाहीं. आणि तिसरी चूक प्रेमाची. जीं तीन रोपें जगलीं त्यांचीं पानें भाद्रपद सरतां सरतां पिवळीं पडून गळलीं, तेव्हां तीं मरत आहेत असें समजून आम्हीं कार्तिकापर्यंत सकाळसंध्याकाळ झारीनें पाणी घातलें. मार्गशीर्षांत उकरून पाहिलें तों खालीं चिखल व दुर्गंध. त्या वनस्पतीची ती झोपेची वेळ होती. झोपलेल्यास पाणी पाजण्याचा आग्रह आम्हीं केला होता.

रानांत ती कशी राहते याचा नीट विचार केल्यावर पुढचें सोपें झालें. ओल हवी, पण पाणी सांचतां कामा नये. सावली हवी, पण काळोख नको. धाराशिवच्या काळ्या जमिनींत या दोन्ही गोष्टी साधावयाच्या तर वाफा उंच हवा. आमच्या परसांत आडाच्या उत्तरेस सीताफळीची दोन झाडें आहेत. त्यांखालीं सकाळचीं तिरपीं उन्हें येतात आणि दुपारीं सावली असते. तेथें वीतभर उंच व दोन हात रुंद असा वाफा बांधिला. माती काळी न घेतां एक भाग मुरूम, एक भाग ओढ्याची वाळू आणि एक भाग कुजलेला पालापाचोळा. ज्येष्ठांत, पहिल्या वळवाच्या पावसानंतर, बुडख्यासह बोटें दोन-तीन बोटें खोल व एकमेकांपासून वीतभर अंतरावर लाविलीं आणि वर सीताफळीचाच वाळका पाला पसरला. पाऊस लांबला तर एक दिवसाआड हातानें पाणी शिंपडावें. झारीची धार नको. पानें गळालीं कीं पाणी अजिबात बंद. वाफा तेव्हां रिकामा दिसतो, आणि रिकामी जागा दिसली कीं घरांतील कोणीतरी तेथें मेथी पेरतो. म्हणून चार कोपऱ्यांस चार दगड रोवून ठेवावेत. आम्हीं पांचवा दगड मधोमध ठेविला आहे, कारण आमच्या धाकट्या सूनबाईंस मेथीची आवड आहे.

बियांपासूनहि रोपें होतात. फूल एकाच दिवसाचें असतें, पण दांड्यावर खालून वर क्रमानें उमलत असल्यामुळें तीन-चार आठवडे वाफा पांढरा दिसतो. नंतर त्रिकोणी बोंडें धरतात आणि त्यांत कांद्याच्या बियांसारखें काळें बीं होतें. उगवण मात्र बेताची. शंभर टाकावें, वीस उगवलें तर आनंद मानावा. आम्हीं बोंडें तडकण्यापूर्वींच दांडे कापून कागदाच्या पुडींत घालून ठेविले.

तिसऱ्या वर्षीं अकरा रोपें झालीं. भाजीस तेवढीं पुरतीं ना, म्हणून हात लाविला नाहीं. चवथ्या वर्षीं तीस-बत्तीस झालीं, आणि तेव्हां घरांत निराळाच प्रश्न उपस्थित झाला. आमच्या आत्याबाई नव्वदीच्या घरांतील. त्यांचें सोवळें कडक. पानें पाहून त्या म्हणाल्या, “ही कांद्याची पात आहे. देवशयनी झालेली, चातुर्मास बसला. माझ्या स्वयंपाकघरांत ही यायची नाहीं.” आम्हीं समजूत घालण्याचा यत्न केला कीं, मनूनें पांचव्या अध्यायांत लसूण, गृंजन, कांदा व छत्र्या एवढींच नांवें घेतलीं आहेत. “मनूनें पाहिली असती तर हीही घातली असती,” हें उत्तर मिळालें. खरें सांगावयाचें तर आत्याबाईंचा संशय अगदींच निराधार नव्हता. जुन्या वनस्पतिशास्त्रांत कांदा व मुसळी दोन्ही एकाच लिली कुलांत घातलेलीं असत. अलीकडे वनस्पतींच्या आनुवंशिक द्रव्याची तपासणी होऊं लागल्यावर तीं वेगळीं केलीं गेलीं. २००९ च्या नव्या वर्गीकरणांत मुसळी शतावरीच्या कुलांत आली आणि कांदा निराळ्या कुलांत गेला. हें आम्हीं आत्याबाईंस सांगितलें. शतावरीकल्प त्या रोज दुधांतून घेतात. त्यांनीं बराच वेळ विचार केला आणि म्हणाल्या, “शतावरीची बहीण असेल तर चालेल. पण चिरायची विळी वेगळी.”

येथें गृहिणींस एक इशारा. पावसाळ्याच्या तोंडीं लांबट पानांचे अनेक कोंब रानांत एकदमच निघतात, आणि त्यांत विषारीहि असतात. रानकांद्यास खालीं मोठा पापुद्र्यांचा गड्डा असतो. कळलावीच्या पानाचें टोंक तणाव्यासारखें वळतें. मुळाशीं कांदा दिसला किंवा पानाचें टोंक वळलेलें दिसलें तर ती भाजी नव्हे. ओळखणारें माणूस बरोबर नसतां रानांतून खुडून आणूं नये; स्वतः लाविलेलीच खावी, यांत दोन्हीकडून हित आहे.

पानें दांडा फुटण्यापूर्वीं, कोंवळीं असतां काढावींत, आणि प्रत्येक रोपाचीं निम्मींच काढावींत. कंद पुढें त्यांच्याच बळावर भरतात. बुडाकडील पांढरा भाग टाकून द्यावा. मातीचे कण पन्हळींत अडकतात, म्हणून तीन पाणी तरी धुवावें. मग बारीक चिरून, मोहरी-हिंगाच्या फोडणींत हिरवी मिरची व भिजविलेली मुगाची डाळ घालून, ती अर्धी शिजली कीं पाला घालावा. पाला फार आळतो; परातभर पाल्याची वाटीभर भाजी होते. कोंकणांत वर ओलें खोबरें घालतात. आमच्याकडे शेंगदाण्याचा कूट. ऋषिपंचमीस बैलाच्या कष्टाचें चालत नाहीं, त्या दिवशीं ही उपयोगी पडेल असें आम्हांस वाटलें होतें. पण भाद्रपदापर्यंत पानें चरबट होतात, तेव्हां तो बेत सोडावा.

भाजी झाली त्या दिवशीं वहिनींस ताटावर बसविलें. भाजी वेगळ्या विळीवर चिरलेली, वेगळ्या कढईंत केलेली. सर्व घर काम टाकून उभें होतें, तें पाहून त्या संकोचल्या. ज्वारीच्या भाकरीबरोबर पहिला घांस घेतला, हळूहळू चावला.

“आईच्या हातची नाहीं ही,” त्या म्हणाल्या. “ती तांदळाच्या भाकरीबरोबर द्यायची. आणि कूट कशाला घातलांत? पण फोडशीच आहे.” आणि थोड्या वेळानें आमच्या कुटुंबास म्हणाल्या, “अर्धी भाकरी वाढ गं.”

त्या गोष्टीस दोन पावसाळे झाले. यंदा मृग कोरडा गेला, तरी वाफ्यांत चाळीसांहून अधिक रोपें आहेत. त्यांपैकीं उत्तरेकडची रांग आम्हीं बियांसाठीं राखून ठेविली आहे. एक पुडी कळंबच्या विद्यार्थ्यास पाठवावयाची आहे, तो घेईल कीं नाहीं कोण जाणे. नातू आतां पुण्यास शिकतो. गेल्या आषाढांत तो आला असतां आम्ही दोघे पुन्हा रामलिंगास गेलों होतों. धावड्याच्या बुंध्याशीं पांचांपैकीं चार रोपें फुललेलीं होतीं.